महाडचा दावा क्रमांक ४०५

महाड येथील दुय्यम न्यायाधीशांच्या दिवाणी न्यायालयात १२ डिसेंबर १९२७ रोजी जो ४०५ क्रमांकाचा दावा दाखल झाला, त्याची आठवण आज चवदार तळ्यावर येणाऱ्या माणसांपैकी फारच थोड्यांना असते. २० मार्चला तळ्याच्या पायऱ्यांवर ओंजळ भरण्यासाठी, आणि २५ डिसेंबरला मनुस्मृतिदहनाच्या स्मरणार्थ, सावित्रीच्या काठच्या या जुन्या बंदरगावी जो समुदाय लोटतो, तो सत्याग्रहाची कथा सांगतो आणि ऐकतो, व ते सर्वथा उचितच आहे. परंतु त्या दोन दिवसांच्या पाठीशी सव्वानऊ वर्षे चाललेला जो कागदोपत्रीचा लढा होता, ज्यात कैफियती, जबान्या, दप्तरातील जुने उतारे आणि तीन न्यायालयांचे निकाल यांची रास पडली, तो लढा आपल्या इतिहासग्रंथांतूनसुद्धा दोन-चार ओळींत आटोपला जातो. मला मात्र असे वाटते की, महाडने या देशाला जे दिले त्यातील एक फार मोलाचा भाग त्या दप्तरातच आहे, आणि तो आज उघडून पाहण्याचे कारण पूर्वी कधी नव्हते इतके निकडीचे आहे.

ते कारण असे. ज्या समाजमाध्यमांवर आजच्या तरुण पिढीचे बोलणे, भांडणे, शिकणे आणि मैत्री करणे चालते, त्यांच्या दारातच अल्पवयीनांना अडवणारे कायदे गेल्या काही वर्षांत अनेक राज्यांनी आणि राष्ट्रांनी केले आहेत. अमेरिकेतील आर्कान्सा, ओहायो, युटा, मिसिसिपी, फ्लोरिडा या राज्यांच्या विधिमंडळांनी वयाचा पुरावा आणि आईबापांची संमती यांच्या अटी घातल्या. ऑस्ट्रेलियाने तर १० डिसेंबर २०२५ पासून सोळा वर्षांखालील मुलांना या माध्यमांवर खातेच ठेवू देऊ नये असा कायदा अमलात आणला. आणि यांपैकी जवळजवळ प्रत्येक कायद्याविरुद्ध कोणी ना कोणी न्यायालयात उभे राहिले. सर्वांसाठी खुल्या असलेल्या जागी कोणी यावे आणि कोणी येऊ नये, हे ठरवण्याचा अधिकार कोणाचा, आणि तो अधिकार सांगणाराने काय सिद्ध करावे, हाच त्या खटल्यांचा गाभा आहे. आणि नेमक्या याच प्रश्नावर महाडचा दावा लढला गेला.

या दोन गोष्टींत एक महदंतर आहे, ते आरंभीच सांगणे मला आवश्यक वाटते. वयाची अट काळ आपल्या हाताने सोडवतो, पंधरा वर्षांचा मुलगा सोळाचा होतो. जातीची अट कोणताही काळ सोडवीत नव्हता, आणि तिच्यामागे मुलांच्या हिताची चिंता नव्हे तर माणसाचा तिरस्कार होता. म्हणून एकाचे दुःख दुसऱ्याच्या दुःखाशी तोलण्याचा माझा मुळीच हेतू नाही. माझे लक्ष आहे ते न्यायालयीन रीतीकडे. ती रीत दोन्हींकडे एकच आहे.

महाड ही पूर्वी घाटमाथ्याची बाजारपेठ. महाबळेश्वरी उगम पावलेली सावित्री पोलादपुरावरून खाली येते, महाडजवळ तिला गांधारी मिळते, आणि भरतीच्या पाण्याबरोबर गलबते थेट गावापर्यंत चढत असत. रायगडाची राजधानी जवळ. वतनांचे तंटे गोतसभेपुढे चालावेत, साक्षी व्हाव्यात, महजरावर निशाण्या उमटाव्यात, ही या मुलखाची जुनी वहिवाट. इंग्रजी अमलात येथे तालुक्याची कचेरी आली, मामलेदार आले, कोर्ट आले. बाजार, सारा आणि सरकारी टपाल यांच्या निमित्ताने खेड्यांतील महारमंडळींना महाडास वारंवार यावे लागे. पाटील-कुलकर्ण्यांनी जमवलेला वसूल कचेरीत आणून देणे हे तर त्यांचे नेमलेले कामच होते. आलेल्या परगावच्या माणसाला पाणी मिळेल असे सार्वजनिक ठिकाण गावात एकच, ते म्हणजे चवदार तळे. आणि तेथे मुसलमानांना मज्जाव नव्हता, गुरांना मज्जाव नव्हता, केवळ अस्पृश्य गणलेल्यांना होता. त्यांनी तहान भागवण्यासाठी गावाच्या मध्यापासून दूर, आपल्या वस्तीतल्या हेळसांड झालेल्या विहिरीपर्यंत चालत जायचे. सरकारचा वसूल वाहून आणणारा माणूस सरकारच्या पाण्याला मात्र पारखा, अशी ही व्यवस्था होती.

या व्यवस्थेविरुद्ध महाडच्या परिसरातून उठलेला पहिला आवाज हा छापील शब्दांचा होता, ही गोष्ट मला विशेष महत्त्वाची वाटते. रावढळचे गोपाळबाबा वलंगकर हे लष्करातून निवृत्त होऊन गावी आले आणि वृत्तपत्रांतून लिहू लागले. १८८८ साली त्यांनी ‘विटाळविध्वंसन’ या पुस्तिकेतून अस्पृश्यतेच्या समर्थकांना शास्त्राधाराविषयी प्रश्न विचारले. पुढे १८९५ मध्ये सरकारने त्यांना महाड तालुका लोकल बोर्डावर नेमले, तेव्हा उच्चवर्णीय सभासदांनी त्यांच्याबरोबर बसण्यास हरकत घेतली. बोर्डाच्या सभेत ज्याला बसू देत नव्हते, त्याला वृत्तपत्राच्या स्तंभात बसण्यापासून कोणी रोखू शकत नव्हते.

वलंगकर हे पोक्त वयाचे गृहस्थ होते. पण त्यांच्यानंतर याच तालुक्यातील एका मुलाने तीच वाट धरली, आणि त्या मुलाची हकिगत सोळा वर्षांखालील मुलांच्या प्रश्नाशी इतकी निगडित आहे की, तिच्यापाशी थोडे थांबल्यावाचून पुढे जाववत नाही. लाडवलीचे रामचंद्र बाबाजी मोरे यांचा जन्म १९०३ चा. शिष्यवृत्तीच्या परीक्षेत उत्तीर्ण झालेल्या या हुशार मुलाला, पहिल्या महायुद्धाच्या सुमारास, महाडच्या इंग्रजी शाळेत प्रवेश नाकारण्यात आला, कारण जात. वय अवघे अकरा-बारा वर्षांचे. वकील करण्याची ऐपत नाही, मामलेदारापुढे दाद मागण्याइतकी घराची पत नाही. त्या मुलाने वृत्तपत्राला पत्र लिहिले आणि असा प्रश्न केला की, अस्पृश्य मुलाला प्रवेश नाकारणाऱ्या शाळेला सरकारी अनुदान काय म्हणून मिळावे. पत्र प्रसिद्ध झाले, शाळाचालकांना अनुदानाची चिंता पडली, आणि मुलाला प्रवेश मिळाला. इतर मुलांपासून वेगळे बसवून का होईना, पण मिळाला. हाच मुलगा पुढे अनंत विनायक चित्रे, सुरेंद्रनाथ टिपणीस आदींच्या साहाय्याने मार्च १९२७ च्या महाड परिषदेचा एक प्रमुख संयोजक झाला. ज्या वयात आजचे कायदे मुलाला सार्वजनिक संभाषणाच्या बाहेर ठेवू पाहतात, त्या वयात त्याने सार्वजनिक संभाषणाच्या बळावर शाळेचे दार उघडले होते.

त्या काळचे सरकार वृत्तपत्रांच्या बाबतीत उदार होते असे कोणीही म्हणणार नाही. १९१० च्या प्रेस ॲक्टाने छापखान्यांकडून जामीनकी मागितली, कित्येक पत्रे त्यात बुडाली. पुढे तो कायदा रद्द करताना, १९२२ च्या दुरुस्तीने, वृत्तपत्राचा संपादक, मुद्रक व प्रकाशक हा सज्ञान असलाच पाहिजे अशी अट १८६७ च्या कायद्यात घालण्यात आली. परंतु या साऱ्या निर्बंधांचा रोख पत्र चालवणाऱ्यावर होता. पत्र लिहिणाऱ्या मुलावर नव्हता. माध्यमाचा मालक आणि माध्यमात बोलणारा यांच्यातला हा भेद परक्या सरकारच्या कायद्यातही सांभाळला गेला होता, आणि माझ्या मते आजच्या विधिमंडळांनी तो सांभाळणे हे त्यांचे पहिले कर्तव्य आहे.

आता दाव्याकडे येऊ. सीताराम केशव बोले यांनी मांडलेला ठराव मुंबईच्या कायदेकौन्सिलाने ४ ऑगस्ट १९२३ रोजी मंजूर केला: सार्वजनिक पैशांतून बांधलेले वा चालवले जाणारे पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, तसेच शाळा, न्यायालये, कचेऱ्या आणि दवाखाने अस्पृश्यांना खुली असावीत. त्याला अनुसरून महाड नगरपालिकेने जानेवारी १९२४ मध्ये आपले तळे सर्वांना खुले केले. ठराव झाला, तो दप्तरी लागला, आणि तळ्याच्या काठावर काहीही बदलले नाही. कारण ठरावामागे ना शिपाई होता, ना दंड. १९२६ साली कौन्सिलाने पुन्हा ठराव करून, पूर्वीचा ठराव न पाळणाऱ्या संस्थांचे अनुदान रोखावे असे म्हटले, तरी महाडच्या पायऱ्या कोरड्याच राहिल्या. १९ व २० मार्च १९२७ ची कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषद, दुसऱ्या दिवशी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हजारो माणसांसह तळ्यावर जाऊन प्राशन केलेले पाणी, वीरेश्वराच्या मंदिरात शिरणार अशी उठवलेली आवई, परतणाऱ्या प्रतिनिधींवर झालेले हल्ले, आणि नंतर पंचगव्याच्या घागरींनी केलेली तळ्याची तथाकथित शुद्धी, हा भाग सर्वश्रुत आहे. त्यानंतर महाड नगरपालिकेने ४ ऑगस्ट १९२७ रोजी आपला खुलेपणाचा ठराव मागे घेतला. बोले ठरावाला त्या दिवशी बरोबर चार वर्षे झाली होती.

डिसेंबरात दुसऱ्या परिषदेची घोषणा होताच पांडुरंग रघुनाथ धारप आणि इतर आठ जणांनी वर उल्लेखिलेला दावा लावला. हे तळे ‘चौधरी तळे’ असून ते स्पृश्यांच्या मालकीचे आहे, अस्पृश्यांनी त्याचे पाणी न घेण्याची वहिवाट अनादि काळापासून चालत आली आहे, सबब प्रतिवादींस कायमची मनाई करावी, अशी मागणी. आणि दाव्याचा निकाल लागेपर्यंत काय, तर तात्पुरता मनाई हुकूम; तो न्यायाधीशांनी १४ डिसेंबरला दिला. अवघ्या दोन दिवसांत, प्रतिवादींचे म्हणणे पुरते ऐकले जाण्यापूर्वीच, दिलेल्या या हुकुमाने जे साधले, ते मार्चमधल्या लाठ्यांना साधले नव्हते. २५ डिसेंबरला फत्तेखान यांनी दिलेल्या जागेत परिषद भरली, तीत सहस्रबुद्धे यांनी मांडलेल्या ठरावानुसार मनुस्मृतीचे दहन झाले; पण सत्याग्रहासाठी नावे नोंदवून सज्ज झालेल्या त्या प्रचंड समुदायाला बाबासाहेबांनी थांबवले. मिरवणूक निघाली, तळ्याला वेढा घालून गेली, आणि पाण्याला कोणी हात लावला नाही. न्यायालयाचा हुकूम अन्यायाचा असला तरी तो न्यायालयातच उलथवायचा, हा त्यांचा निश्चय होता. आणि तो निश्चय पाळताना त्या समुदायाच्या मनाला काय यातना झाल्या असतील, याची कल्पना आपण आज करू शकतो इतकेच.

मनाई हुकूम २३ फेब्रुवारी १९२८ रोजी उठला. ८ जून १९३१ रोजी महाडच्या न्यायालयाने दावा फेटाळला. ठाण्याच्या अपिलाचा निकाल जानेवारी १९३३ मध्ये वादींच्या विरुद्धच लागला. आणि अखेरीस १७ मार्च १९३७ रोजी मुंबई हायकोर्टात न्यायमूर्ती ब्रूमफील्ड व वाडिया यांनी वादींचे अपील फेटाळले. हे ब्रूमफील्ड म्हणजे तेच, ज्यांनी १९२२ च्या मार्च महिन्यात अहमदाबादेस महात्मा गांधींना सहा वर्षांची शिक्षा सुनावली होती. निकालाचे मर्म थोडक्यात असे की, तळे नगरपालिकेच्या ताब्यातील. ज्यांना इतरांना वगळण्याचा हक्क सांगायचा आहे, त्यांनीच तो पुराव्याने शाबीत केला पाहिजे. आणि अस्पृश्य तेथे येत नव्हते एवढ्यावरून त्यांना अडवण्याची अनादि वहिवाट होती असे अनुमान निघत नाही. एखादा माणूस भीतीने वा गरज न पडल्याने दारात आला नाही, म्हणून दार बंद ठेवण्याचा हक्क दुसऱ्या कोणाला प्राप्त होत नाही. या एका तत्त्वासाठी सव्वानऊ वर्षे लागली; तेरा वर्षांनंतर ते संविधानाच्या पंधराव्या अनुच्छेदात विहिरी आणि तळ्यांच्या स्पष्ट उल्लेखासह येऊन बसले.

आता आजच्या खटल्यांकडे पाहावे. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१७ साली, नॉर्थ कॅरोलायना राज्याचा एक निर्बंध रद्द करताना, समाजमाध्यमे हे या काळाचे सार्वजनिक चव्हाटे आहेत असे मानले. आणि २०११ साली, हिंसक खेळांपासून मुलांना दूर ठेवू पाहणारा कॅलिफोर्नियाचा कायदा अवैध ठरवताना, अल्पवयीनांनाही अभिव्यक्तीचा हक्क आहे असे सांगितले. या दोन निर्णयांच्या आधारे खालच्या न्यायालयांनी अनेक राज्यांचे कायदे रोखले: आर्कान्साचा कायदा ऑगस्ट २०२३ मध्ये तात्पुरत्या हुकुमाने थांबला आणि मार्च २०२५ मध्ये कायमचा रद्द झाला, ओहायोच्या कायद्याचीही तीच गत झाली. पुराव्याचा भार येथे राज्यावर आहे. मुलांच्या मनावर होणारा परिणाम केवळ सांगून भागत नाही, तो दाखवावा लागतो, आणि योजलेला उपाय त्या अपायाशी नेमका जुळतो हेही दाखवावे लागते.

पण मनाई हुकुमाचे शस्त्र दोन्ही बाजूंना धार असलेले आहे, हे महाडकरांना वेगळे सांगायला नको. ऑगस्ट २०२५ मध्ये मिसिसिपीचा कायदा अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापुढे तातडीच्या अर्जाने आला, तेव्हा न्यायालयाने तो थांबवण्यास नकार दिला. न्यायमूर्ती कॅव्हनॉ यांनी तर असे लिहिले की हा कायदा बहुधा घटनाबाह्य ठरेल, तथापि दरम्यानच्या काळात तो थांबवावा इतकी हानी अर्जदारांनी दाखवलेली नाही. घटनाबाह्य ठरण्याचा संभव असलेला कायदा चालू राहतो, आणि चौदा वर्षांचे मूल निकाल लागेपर्यंत अठराचे होते. महाडास दहा आठवड्यांचा हुकूम एका चळवळीची दिशा बदलण्यास पुरला होता. बालपणाच्या मोजमापात तर चार वर्षे म्हणजे सर्वस्व.

या खटल्यांतील दुसरी गोष्ट मला अधिक अस्वस्थ करते, ती म्हणजे वादी कोण, ही. अमेरिकेतील बहुतेक दावे कंपन्यांच्या व्यापारी संघटनेने लावलेले आहेत. आपल्या नफ्यासाठी मुलांचे लक्ष तासन्‌तास बांधून ठेवणाऱ्या कंपन्यांनी मुलांच्या स्वातंत्र्याचे वकीलपत्र घ्यावे, हे मला मान्य होण्यासारखे नाही. पण याच वाटेवर दुसरी माणसेही दिसतात. टेक्सासच्या कायद्याविरुद्ध विद्यार्थ्यांची स्वतःची संघटना न्यायालयात गेली. ऑस्ट्रेलियाच्या बंदीविरुद्ध नोव्हेंबर २०२५ मध्ये पंधरा वर्षांची दोन मुले तेथील उच्च न्यायालयात उभी राहिली. आपल्या कोकणपट्टीतही याचा दाखला आहे: नोव्हेंबर २०१२ मध्ये पालघरच्या दोन तरुणींना फेसबुकवरील मजकुरावरून अटक झाली, त्याने व्यथित होऊन श्रेया सिंघल या कायद्याच्या तरुण विद्यार्थिनीने सर्वोच्च न्यायालयात याचिका केली, आणि २४ मार्च २०१५ रोजी माहिती तंत्रज्ञान कायद्याचे ‘६६ अ’ हे कलम, तसेच केरळ राज्याच्या पोलीस कायद्यातील ‘११८ ड’ हे कलम, दोन्ही रद्द झाली.

वयावरून बंदी घालणारा कायदा आपल्या संसदेने केलेला नाही. एप्रिल २०२५ मध्ये तेरा वर्षांखालील मुलांना बंदी असावी अशी याचिका सर्वोच्च न्यायालयापुढे आली, तेव्हा हा धोरणाचा प्रश्न आहे, संसदेकडे जा, असे न्यायालयाने सांगितले. महाराष्ट्रातील गावांनी मात्र आपापल्या परीने वाट काढून पाहिली आहे. यवतमाळ जिल्ह्यातील बान्सी या गावच्या ग्रामपंचायतीने २०२२ साली अठरा वर्षांखालील मुलांना मोबाईलबंदीचा ठराव केला. महाड नगरपालिकेच्या १९२४ च्या ठरावाचा आशय याच्या अगदी उलट होता, परंतु अंमलबजावणीचे साधन हाती नसलेल्या ठरावाची जी अडचण तेव्हा होती, तीच येथेही आहे. सांगली जिल्ह्यातील मोहित्यांचे वडगाव येथे त्याच वर्षापासून संध्याकाळी सात वाजता भोंगा वाजू लागला आणि दीड तास दूरदर्शन संच व मोबाईल बंद ठेवून मुले अभ्यासाला बसू लागली. यात आईबापही आपले फोन बाजूला ठेवतात, म्हणून या दुसऱ्या उपायाविषयी मला आदर वाटतो. तो नियम मुलांवर लादलेला नाही, गावाने स्वतःवर घेतलेला आहे.

केंद्राचा २०२३ चा वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा मात्र महाड-पोलादपूरच्या प्रत्येक घराशी येऊन भिडणार आहे. अठरा वर्षांखालील व्यक्तीची माहिती हाताळण्यापूर्वी आई, बाप किंवा कायदेशीर पालक यांची पडताळता येईल अशी संमती घ्यावी, आणि मुलांवर पाळत ठेवून त्यांना उद्देशून जाहिराती करू नयेत, असे त्याचे नववे कलम सांगते. नोव्हेंबर २०२५ मध्ये नियम प्रसिद्ध झाले असून ही बंधने अठरा महिन्यांच्या मुदतीने लागू व्हावयाची आहेत. यातील जाहिरातींवरील बंधन मला मनःपूर्वक मान्य आहे, कारण त्याचा रोख माध्यम चालवणाऱ्यावर आहे. संमतीच्या अटीविषयी मात्र गंभीर शंका आहे. कशेडी आणि आंबेनळी या घाटांच्या मधल्या वाड्यांवरचे कर्ते स्त्रीपुरुष पिढ्यान्‌पिढ्या मुंबईस चाकरीला जात आले. मुले गावी आजीपाशी वाढतात. घरात फोन एक, तो आजीच्या नावावरच्या सिमकार्डाचा, आणि आजीला अक्षरओळख नाही. अशा घरातील नववीच्या मुलीसाठी संमती कोणी द्यायची, ती पडताळायची कोणी, कोणत्या कागदावरून, आणि ज्या घराकडे तो कागदच नाही त्या मुलीने आपले पत्र कोठे पाठवायचे, याचे उत्तर नियमावलीच्या मसुद्यावर सूचना मागवताना पोलादपुरातल्या कोणत्याही मुलीला विचारले गेल्याचे मला आढळलेले नाही. मुदत संपण्यापूर्वी तालुक्याच्या प्रत्येक माध्यमिक शाळेतून हा प्रश्न मुलांच्या स्वतःच्या सहीने दिल्लीस गेला पाहिजे, आणि तो लिहून घेण्याचे काम येथील शिक्षकांनी व वकीलमंडळींनी अंगावर घ्यावे, अशी माझी त्यांना विनंती आहे.